पेंडीचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीने मला एक शब्द विचारला. त्याचे उत्तर मी तत्काळ दिले. परंतु ते उत्तर अपुरे होते हे कळायला पुढे दोन महिने जावे लागले, आणि ते मला माझ्या पुस्तकांतून कळले नाही. गावाकडून आलेल्या एका दूरध्वनीने ते कळवले. त्याची ही हकिकत.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे शेंडेफळ. दक्षिण दिल्लीतील एका संशोधनसंस्थेत ती पीएच.डी.चे काम करते आणि राहते आमच्याकडे, आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरमध्ये. हे घर माझ्या पत्नीच्या नोकरीमुळे मिळालेले. पुढच्या वर्षी ती निवृत्त होईल तेव्हा ते सोडावे लागेल, म्हणून अर्धी पुस्तके आताच खोक्यांत गेली आहेत. त्या खोक्यांच्या आडोशाला बसून पुतणी एका मराठी अंकासाठी स्वतःच्या संशोधनावर लेख लिहीत होती. मान वर न करता तिने विचारले, "काका, एक्स्ट्रॅक्शनला मराठीत काय म्हणू?"

"निष्कर्षण," मी म्हणालो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचे कार्यालय आम्ही येथे राहायला आलो तेव्हा याच वसाहतीतल्या वेस्ट ब्लॉक ७ मध्ये होते. त्याचे कोश माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे पडलेले. शिवाय हा शब्द मला मनापासून आवडतो. 'निष्कर्ष' आणि 'निष्कर्षण' यांचा धातू एकच, कृष् म्हणजे ओढणे. समीक्षक ग्रंथातून निष्कर्ष ओढून काढतो आणि रसायनज्ञ पेशीतून तेल. मी हे तिला मोठ्या हौसेने समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते खरं काका, पण बाबांना हा शब्द कळायचा नाही. आणि हा लेख पहिल्यांदा तेच वाचणार आहेत."

तिच्या कामाविषयी आधी थोडे सांगायला हवे. यीस्ट म्हटले की आपल्याला पाव आठवतो किंवा मद्य आठवते. त्याला मराठीत 'किण्व' हा शब्द आहे आणि तो नवा नाही; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो येतो. परंतु सगळीच किण्वे मद्य करीत नाहीत. त्यांतली काही साखर खाऊन तेल साठवतात. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक स्निग्धांश ज्यांच्यात साठतो अशा सूक्ष्मजीवांना शास्त्रज्ञ तैलसंचयी म्हणतात. यारोविया लिपोलिटिका, ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस, लिपोमायसिस स्टार्की ही त्यांतली काही नावे. अनुकूल परिस्थितीत काहींच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असतो.

ही अनुकूल परिस्थिती म्हणजे एका अर्थी उपासमारच असते. किण्वाला साखर भरपूर द्यायची आणि नत्र तोडायचे. नत्र नसले की प्रथिने घडवता येत नाहीत, पेशीला विभागता येत नाही. आत येणाऱ्या साखरेचे करायचे काय, हा प्रश्न उरतो. पेशीत सायट्रेट साचू लागते, एक विशिष्ट विकर त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांपासून वसाम्ले व वसाम्लांपासून तेल तयार होते. पेशीच्या पोटात ते लहान लहान थेंबांच्या रूपाने साठते. पुतणीने मला सूक्ष्मदर्शकातून हे थेंब दाखवले तेव्हा एखाद्या गरीब घरातल्या उतरंडीची आठवण झाली. वाढायची सोय नाही, म्हणून साठवून ठेवायचे.

हा उद्योग माणसाने अडचणीतच आरंभला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला तेव्हा तेथे एन्डोमायसिस व्हर्नॅलिस नावाच्या किण्वापासून खाण्याजोगी चरबी मिळवण्याचे प्रयत्न झाले. आपल्याकडेही ही कथा अगदी परकी नाही. मुंबईजवळच्या तेलाने दूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यातून यारोविया लिपोलिटिकाचा एक वाण वेगळा करण्यात आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवसंग्रहात तो ३५८९ या क्रमांकाने जपलेला आहे. त्याच्या पेशीतले तेल बायोडिझेलसाठी वापरता येईल का, याचा अभ्यास तेव्हाच्या पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या देशाला आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणावे लागते, त्या देशात अशा कामाला महत्त्व येणे स्वाभाविक आहे.

मात्र तेल साठणे वेगळे आणि ते हाती लागणे वेगळे. तेलाचा थेंब आणि आपण यांच्यामध्ये किण्वाची पेशीभित्तिका उभी असते. ग्लुकन, कायटिन आणि मॅनोप्रथिने यांची ही भिंत पेशीच्या मानाने फार चिवट. साधा विद्रावक ओतला तर तो बाहेरच घुटमळतो. म्हणून आधी भिंत मोडावी लागते. काचेच्या बारीक मण्यांबरोबर पेशी घुसळतात, प्रचंड दाबाने त्या बारीक फटीतून दवडतात, श्राव्यातीत ध्वनिलहरींनी फोडतात, आम्लात उकळतात किंवा भिंत पचवणारी विकरे घालून ती सैल करतात. मग विद्रावक येतो. फ्रांझ फॉन सॉक्सलेट याने १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी तयार केलेले काचेचे उपकरण आजही प्रयोगशाळांत उभे असते. फोल्च आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मेंदूतील स्निग्ध पदार्थांसाठी आणि ब्लाय व डायर या कॅनडातील दोघांनी १९५९ मध्ये माशांसाठी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची पद्धत बसवली. तीच आज किण्वालाही लावतात. तिच्याने जेवढे निघते त्याला १०० मानायचे आणि इतर पद्धतींची कार्यक्षमता त्या १०० शी ताडून पाहायची, असा प्रघात आहे.

मी साहित्याचा विद्यार्थी. 'प्रमाण' या शब्दाचा मला जुना संशय. मी विचारले, "या १०० मध्ये नुसतं साठवलेलं तेलच असतं का?" ती हसली. नसते. पेशीच्या पटलांतले इतर स्निग्ध पदार्थही त्या मिश्रणाबरोबर निघून येतात. म्हणजे ज्याला आपण पूर्ण म्हणतो ते पूर्णत्वही कोणीतरी कशासाठी तरी ठरवलेले असते.

तिची खरी अडचण पाण्याची होती. किण्व वाढते पाण्यात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर जो दाट लगदा मिळतो, त्यातही ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कोरडे किण्व विद्रावकाला चांगले वश होते, म्हणून बहुतेक जण आधी ते वाळवतात. एका संध्याकाळी तिने माझ्यासमोर एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब मांडला. एक किलो लगदा घ्या. त्यात ८०० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम कोरडे किण्व. त्यात ४० टक्के तेल धरले तर ८० ग्रॅम तेल. या ८० ग्रॅम तेलाच्या ज्वलनातून मिळणारी ऊर्जा साधारण ३,००० किलोजूल. आणि ८०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला लागणारी ऊर्जा साधारण २,००० किलोजूल. म्हणजे तेलाला हात लागण्यापूर्वीच त्याच्या दोन-तृतीयांश मोलाचे इंधन केवळ वाळवण्यात गेले. ही झाली आदर्श स्थिती. प्रत्यक्षात भट्टीची उष्णता गळतीतही जाते. साखर, विद्रावक आणि यंत्रे यांचा खर्च तर अजून मांडलेलाच नाही.

वामनपंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीच्या श्लोकातली वाळूतून तेल काढण्याची कल्पना आपण सगळे शाळेत शिकलो. आमच्या गुरुजींनी ती प्रयत्नवादाचा आदर्श म्हणून फळ्यावर लिहिली होती. श्लोक पूर्ण वाचला तर त्याचा रोख निराळा आहे. वाळूतून तेल काढणे एक वेळ साधेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवणे साधणार नाही, असे तो सांगतो. अर्धा श्लोक वाचून आपण त्याचा सुविचार केला. लिफाफ्यावरचा हिशेब पाहताना मला वाटले, तेल काढण्याच्या शास्त्रातही असा अर्धा श्लोक वाचण्याची सोय आहे. किती निघाले ते सांगायचे आणि किती घालून निघाले ते गाळायचे.

म्हणून पुतणीने ओल्या लगद्यातूनच तेल मिळवण्याचा मार्ग धरला होता. विकरे आणि सौम्य उष्णता यांनी भिंत सैल करायची आणि विद्रावकाशिवाय, सेंट्रिफ्यूजच्या बळावर तेल वेगळे करायचे. तेल निघत होते. परंतु तिचा आकडा त्या प्रमाण पद्धतीच्या बराच खाली राहत होता. शिवाय पुष्कळदा तेल आणि पाणी एकमेकांत अडकून पांढरट दुधासारखे मिश्रण होई आणि त्यातून काही केल्या तेल वर येत नसे. तीन वर्षांच्या कामाचे फलित म्हणून कमी आकडा घेऊन जायचे, याची तिला धास्ती होती. रात्री उशिरापर्यंत ती जागी असे.

येथे मला माझ्या घराविषयी सांगणे भाग आहे. आजवर मी ते लिहिलेले नाही. माझ्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवर 'बार्शी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात जन्म' असे छापलेले असते. ते खोटे आहे. आम्ही तेली. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, लाकडी घाणा होता. उखळात लाट फिरे, बैलाच्या डोळ्यांवर झापडे असत आणि फळीवर बसून दादा बैल हाकी. मी पाच वर्षांनी धाकटा; माझे काम उखळाशेजारी कंदिलात पुस्तक वाचण्याचे. अंगाला, कपड्यांना, वह्यांना करडईच्या तेलाचा वास. पहाटे परीक्षेला निघालो असता समोरून येणारा एक गृहस्थ मला पाहून थबकला आणि घरात परत गेला. सकाळी तेली आडवा येणे हा अपशकुन, हे मला त्या दिवशी कळले. पुढे दिल्लीत एका मैफलीत कोणीतरी राजा भोज आणि गंगू तेली यांची हिंदी म्हण फेकली, सगळे हसले, आणि मीही हसलो. ते हसणे मला त्या गृहस्थाच्या थबकण्याहून अधिक सलते.

१९७४ मध्ये घाणा बंद पडला. तालुक्याला एक्स्पेलरची गिरणी आली होती आणि लोक तिकडे वळले होते. दादा दहावीनंतर शाळेत गेला नाही. ज्या गिरणीने आमचा घाणा बंद पाडला तिथेच तो हमालीला लागला आणि त्या पैशांवर मी पुण्यात शिकलो. १९९० मध्ये मला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा आण्णांनी माझा प्रबंध हातात घेऊन त्याचे वजन पाहिले होते. १९९६ मध्ये ते गेले.

तर, जानेवारीतल्या एका रविवारी दादाचा दूरध्वनी आला. मुलीचा आवाज उतरलेला ऐकून त्याने कारण विचारले. तिने सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. मी समोर बसलो होतो. तिने ध्वनी मोठा केला.

"पाणी किती घालतीस?" दादाने विचारले.

"घालत नाही बाबा, लगद्यातच ऐंशी टक्के पाणी असतं."

"मग तेल सुटंल की. घाण्यात पाणी मारल्याबिगर तेल सुटत न्हाई. पर लई पाणी झालं की त्याचं दूध हुतंय. दूध झालं की हाताला काय लागत न्हाई."

पुतणी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या वहीत ज्याला पायस म्हटले होते, ते हे दूध. घाणीत आण्णा ओंजळीने, थांबून थांबून कोमट पाणी शिंपडत, हे मला आठवले. तिळाला किती, शेंगदाण्याला किती, याचे त्यांचे अंदाज ठरलेले होते. त्या पाण्याने बियांतली प्रथिने एकत्र गोळा होतात आणि तेल मोकळे होते, हे शास्त्र मी पुढे वाचले. लहानपणी मात्र मला ते पाणी पाहून वाटे की आण्णा भेसळ करतात.

"आन् समदं तेल निघत न्हाई म्हणतीस," दादा पुढे म्हणाला, "तर राहिलेलं कुठं जातंय?"

"खालच्या गाळात. वाया जातं."

"वाया कसं? पेंड कोण खातंय मग?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. दादाला त्यात काही विशेष बोललो असे वाटले नसावे; तो पावसाविषयी बोलू लागला.

आमच्या घाण्याच्या पेंडीत पुष्कळ तेल राहत असे. आधुनिक विद्रावक-गिरणीत पेंडीतले तेल एका टक्क्याच्याही खाली आणतात; त्या मापाने आण्णांचा घाणा अकार्यक्षमच होता. पण ती तेलकट पेंड आमचा बैल खाई, गावच्या म्हशी खात. आण्णांच्या हिशेबात ते तेल गळालेले नव्हते; ते बैलाचे होते. फिरणाऱ्याचा वाटा पेंडीत ठेवूनच ते तेलाचा भाव सांगत.

त्या रात्री पुतणीने तक्त्यात आणखी दोन रकाने आखले. एकात तेल काढायला किती ऊर्जा लागली ते, आणि दुसऱ्यात जे उरले त्याचे काय होते ते. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांतून निघालेला गाळ जनावरापुढे ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही. तो विल्हेवाट लावण्याची वस्तू होतो. विद्रावकाशिवाय उरलेल्या गाळात मात्र प्रथिने असतात, थोडे तेलही असते. पशुखाद्यात किण्व वापरण्याची पद्धत जुनीच आहे. अर्थात हा विशिष्ट गाळ जनावराला मानवतो की नाही, हे तपासणे स्वतंत्र काम आहे आणि तसे तिने स्पष्ट लिहिले आहे. तिचा मूळ आकडा त्यामुळे वाढलेला नाही. तो जेवढा होता तेवढाच आहे. तिचा शोधनिबंध अजून परीक्षकांकडे आहे आणि ते तो परत पाठवतील अशीही शक्यता आहे. मात्र ती आता रात्री झोपते.

झोप उडाली ती माझी. माझा प्रबंध तुकारामांच्या गाथेच्या पाठभेदांवर आहे. त्यात संताजी जगनाडे यांच्या वह्यांचा विचार येणे अटळ होते. चाकणचे संताजी, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. अभंग लिहून ठेवणारे म्हणून परंपरा त्यांना ओळखते, आणि वि. ल. भावे यांनी गाथेची आवृत्ती सिद्ध करताना त्यांच्या वह्यांचा आधार घेतला. संताजी तेली होते. मी त्यांना चार पाने दिली. बोलीच्या वळणाची रूपे 'लेखनदोष' म्हणून वेगळी काढली, पाठ स्वच्छ केला आणि निष्कर्ष मांडला. त्यांच्या जातीचा व व्यवसायाचा उल्लेख मी टाळला, कारण तो केला असता तर वाचकाने माझ्याकडे वळून पाहिले असते, अशी मला भीती होती. खोक्यांत भरण्यासाठी प्रबंध काढला तेव्हा ती पाने पुन्हा वाचली. पाठ मी आधी वाळवून घेतला होता. दिवसभर घाणा चालवून रात्री लिहायला बसणाऱ्या माणसाच्या उच्चारांचा जो ओलावा त्या रूपांत असू शकतो, तो मी दोष म्हणून उडवून दिला. जे गाळात गेले त्याची नोंदही मी ठेवली नाही. आणि दादा? माझ्या शिक्षणाच्या हिशेबात तो कोणत्या रकान्यात होता, हे मी चाळीस वर्षांत लिहून पाहिले नव्हते.

प्रबंध आता बदलता येणार नाही. ती चार पाने मात्र मी नव्याने लिहायला घेतली आहेत, आणि यापुढे माझ्या परिचयात 'वडिलांचा तेलाचा घाणा होता. थोरल्या भावाने गिरणीत काम करून शिकवले' एवढी ओळ राहील.

पुतणीने आपल्या लेखात 'निष्कर्षण' हा शब्द एकदा दिला आणि पुढे सर्वत्र 'तेल सुटणे' असेच लिहिले. फोडणीतल्या मसाल्यालाही आपण तेच म्हणतो. काढणाऱ्यापेक्षा सुटणाऱ्याकडे पाहणारे ते क्रियापद माझ्या घरात होते, आणि मी तिला कोशातला शब्द दिला होता. लेख छापून आल्यावर तिने तो दादाला दूरध्वनीवरून वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "चांगलं हाय. पर करडईला पाणी कमी लागतं, तेवढं लिहायचं राहिलं बघ."

तेवढे मी येथे लिहून ठेवतो.